नदीपलीकडचा मतदारसंघ

आमच्या गावचे जुने कार्यकर्ते तात्या गेले. काल त्यांच्या दहाव्याला नदीवर गेलो, तर घाटावर पहिल्या ओळीतली एक खुर्ची रिकामीच होती. आमच्याकडे दहाव्याला आमदारांनी येऊन माइकवर दोन शब्द बोलायची पद्धत आहे. तात्यांनी तर नदीच्या दोन्ही काठांवर आयुष्यभर एकाच साहेबांचा प्रचार केलेला.

मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि हद्द नदीवर आली. पलीकडचा काठ साहेबांकडे राहिला, आमचं गाव शेजारच्या मतदारसंघात गेलं. नकाशा करणाऱ्यांना नदी सोयीची रेघ वाटली असेल. आम्हाला ती कधी रेघ वाटलीच नव्हती. लहानपणी पोहत पलीकडे जायचो, पलीकडच्या मुली सुना होऊन इकडे यायच्या. तात्या मात्र तेव्हापासून पारावर नुसते बसून असायचे. नवे आमदार त्यांना ओळखत नव्हते आणि जुन्यांना त्यांची गरज उरली नव्हती.

"साहेबांना फोन केला होता का?" मी त्यांच्या मुलाला विचारलं.

"केला ना. पीए म्हणाले, तुमचं गाव आता आमच्यात येत नाही."

पिंड ठेवून बराच वेळ झाला तरी कावळा शिवेना. "साहेबांत जीव अडकलाय," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही. शेवटी मुलाने हात जोडले आणि रिकाम्या खुर्चीकडे न बघता म्हणाला, "तात्या, साहेब निघालेत. पोचतीलच."

तेव्हा कुठे कावळा आला. पलीकडच्या काठावरून आला.