पिवळ्या कयाकचे गाऱ्हाणे

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशीलही पुसट होत चालले आहेत. जयगड खाडीकाठची ती पिवळी कयाक मात्र आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर येते.

खाडीकाठच्या एका गावातल्या बाईंनी पर्यटकांसाठी जलसफर सुरू करायचे ठरवले होते. गणपतीपुळ्याला आलेल्या लोकांनी दर्शन आटोपून इकडे यावे, स्वतः वल्हे मारत कांदळवनातून फिरावे, असा बेत. गावाने त्यांना वेड्यात काढले होते. त्यांच्याकडे दोनच कयाक, म्हणजे प्लास्टिकच्या अरुंद होड्या, होत्या. पहिले पाहुणे शनिवारी यायचे होते आणि गुरुवारी सकाळी पिवळी कयाक नाहीशी झाली. बाई ठाण्यात आल्या आणि खुर्चीवर न बसताच बोलू लागल्या.

"साहेब, गुन्हा मागाहून नोंदवा, आधी होडी शोधा. पहिलीच सफर रद्द झाली तर हे लोक मला पुन्हा उभं राहू देणार नाहीत."

स्थळपाहणीत काही हाती लागले नाही. संशय होता तो एका आजोबांवर, कारण पारावर बसून सर्वांत जास्त टिंगल त्यांनीच केली होती. त्यांना चौकशीला बोलावले. ठाण्याच्या बाकावर ते लग्नघरी आल्यासारखे ऐसपैस बसले, चहा घेतला आणि साखर कमी असल्याचे आम्हालाच सुनावले. दोन्ही तळहातांवर ताजे फोड दिसत होते. विचारले तर म्हणाले, लाकडे फोडली. कयाकचा विषय काढला की एकच उत्तर.

"त्या प्लास्टिकच्या घमेल्यात बसतंय कोन?"

शेवटी आम्हीच दमलो. त्यांना घरी जाऊ दिले.

शुक्रवारी सकाळी टपरीवाल्याने हवालदाराला खबर दिली: आजोबा नारळ घेऊन ग्रामदेवतेच्या देवळाकडे निघालेत. ना सण, ना नवस. आम्ही दोघे साध्या कपड्यांत जाऊन मागच्या खांबाशी उभे राहिलो. गाऱ्हाणे सुरू होत होते. आमच्या कोकणात देवाला मोघम सांगून भागत नाही. काय घडले ते आधी गुरवाला नीट सांगायचे, मग तो ते सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात देवाच्या कानावर घालतो आणि जमलेली मंडळी होकार भरतात.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने सुरुवात केली, "तुज्या ह्या लेकरानं हौसेपायी दुसऱ्याची पिवळी होडी न्हेलान."

"होय म्हाराजा!"

"तेचं वल्हं मोडलान, नि लाजेपायी होडी गोठ्यामागं पेंढ्याखाली लपवलान."

"होय म्हाराजा!"

"तेची चूक पोटात घाल, नि मागं लागलेली पोलिसाची पीडा टाळ रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

बाहेर आल्यावर मी खूश होतो. हवालदाराचा चेहरा मात्र गंभीर.

"साहेब, शेवटच्याला तुम्हीपण होय म्हणालात. सगळ्यांत मोठा आवाज तुमचाच होता."

लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघून गेले होते.

कयाक पेंढ्याखालीच मिळाली. आजोबांनी मान खाली घालून सांगितले, "येवढी टिंगल केल्यावर, मला बसव, असं तिला कुठल्या तोंडानं सांगू?" मला हसू आले आणि वाईटही वाटले. बाईंनी तक्रार द्यायची नाही असे ठरवले, पण एका अटीवर: होडी आजोबांनी स्वतः, भरदिवसा, पाण्यातून आणून द्यायची.

संध्याकाळी अख्खा गाव जेटीवर जमला. मोडक्या वल्ह्याला बांबूची खपची बांधून आजोबा निघाले. काठाने सरळ यायचे सोडून ते खाडीच्या मध्यावर गेले, एक मोठी गिरकी मारली आणि मगच जेटीला लागले. शिक्षा भोगताना इतका आनंदी झालेला माणूस मी साऱ्या नोकरीत पाहिला नाही. पारावरचे दोघे तिथेच बाईंना विचारू लागले, आमचा नंबर कधी?

शनिवारी सफर ठरल्याप्रमाणे निघाली.

तोवर मी माणसाला बाकावर बसवून, तू काय केलेस, एवढेच विचारत आलो होतो. त्यानंतर, हा माणूस कोणापुढे खोटे बोलू शकत नाही, ते आधी शोधू लागलो. आणि तपासावरच्या अधिकाऱ्याने देवळात होकार जपून द्यावा, हेही शिकलो.