वडाच्या दोऱ्याखालची भोकं

ती घटना आठवण्यासाठी मला काही करावं लागत नाही. वटपौर्णिमा जवळ आली, बाजारात दोऱ्याची रिळं दिसू लागली, की ती आपणहून समोर येते.

मी तेव्हा नवी मुंबईत पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत एक जुनं गावठाण आणि त्याला खेटून उभी राहिलेली नवी सोसायटी होती. दोघांच्या मध्ये दगडी पार बांधलेला एक मोठा वड. गावातल्या बायका त्याची पूजा करायच्या, सोसायटीतल्या बायकाही यायच्या. दोन्हीकडचे लोक भांडत नव्हते अशी ती एकच जागा.

वटपौर्णिमेच्या सकाळी त्या वडाचा अर्धा भाग बुंध्यापासून फाटून खाली आला. वारा नव्हता. फेऱ्या मारणाऱ्या तीन बायका जखमी झाल्या आणि एक जागेवरच गेली. ती गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांची पत्नी होती. मी पोचलो तेव्हा तिच्या हातात दोऱ्याचं रीळ तसंच होतं. नोकरीत मी बरीच प्रेतं पाहिली, पण नव्या साडीतलं, हिरव्या फांद्यांखालचं ते प्रेत पाहून मला काही क्षण हुकूम देता येईना.

दुपारपर्यंत गर्दीत एकच वाक्य फिरत होतं : झाडाला अ‍ॅसिड घातलंय.

मी पंचनामा सुरू केला. बुंध्यावर वर्षानुवर्षांचा दोरा गुंडाळलेला होता. जुना दोरा कोणी काढत नाही, नवा त्याच्यावरच बसतो. माझ्याबरोबरच्या महिला हवालदारांचा त्या दिवशी उपास होता. मी दोरा काढायला सांगितला, तर त्या घुटमळल्या.

“साहेब, आजच्या दिवशी कापू?”

मी कोयता मागवला आणि स्वतः कापला. दोरा जाड पट्ट्यासारखा सुटून आला आणि खाली सालीत भोकं दिसली. गोल, एका ओळीत, ड्रिलनं पाडलेली. मी भोकांचे फोटो काढून घेतले आणि दोऱ्याचा पट्टा मुद्देमालाच्या पोत्यात टाकायला लावला. त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. आवाज ओळखीचा होता, मंडळाच्या अध्यक्षांचाच. बायकोला अग्नी देऊन आलेला माणूस बोलत होता.

“साहेब, सोसायटीचा सेक्रेटरी. त्यालाच उचला. मीटिंगमदी बोललेला, ह्यो पार फोडून टाका म्हनून. देवीचे पाराला असा बोलतो कोन?”

“आणखी काही?”

“त्याचे घरची बाई कदी वडाला येत नाय. या लिहून घ्या.”

मी ते लिहून घेतलं. आज हे सांगताना मान खाली जाते, पण तेव्हा तो मला पुरावा वाटला.

सेक्रेटरी मराठवाड्यातून आलेले, सरकारी कचेरीत कारकून. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी इथे घर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चौकशीसाठी आणलं आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. फाटकाबाहेर जमाव होता, कॅमेरे होते. जमावाला कोणीतरी आत दिसायला हवं असतं, हे मला अनुभवानं माहीत होतं.

“पार फोडा म्हणालात की नाही?” मी विचारलं.

“म्हणालो साहेब. पाच वेळा म्हणालो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर हाय. खालून लोकांना बुंधा दिसतो, मला शेंडा दिसतो. शेंडा वाळायला लागलाय. बुडाला गळ्यापर्यंत सिमेंट भरलंय, वरून फरशी. झाडानं पाणी प्यावं कुठून?”

“झाडाची एवढी काळजी, मग घरचे पूजेला का येत नाहीत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आम्ही बौद्ध हाओत साहेब. पूजा नाही करत. सावलीत बसतो की.”

मी टेबलावर हात आपटला. उलट उत्तर देतोस म्हणालो. त्यांच्या घराची झडती घेतली. एक ड्रिल मशीन मिळालं, जसं निम्म्या घरांत असतं. ते जप्त केल्याची बातमी त्याच रात्री सगळीकडे गेली.

काही दिवसांनी मुद्देमाल कारकुनानं विचारलं, “साहेब, ह्या दोऱ्याचं वर्णन काय लिहू?” मी पोतं उघडायला लावलं. पट्टा टेबलावर पसरला. वरचा थर पांढरा, त्याखालचा पिवळट, मग राखाडी, अगदी आतला काळा आणि हळदकुंकवानं एकमेकांना चिकटलेला. भोकांवरची जागा मी बोटानं शोधत गेलो. एकही धागा तुटलेला नव्हता. तुटले होते ते फक्त माझ्या कोयत्यानं.

भोकं सगळ्यात आतल्या दोऱ्याच्याही आधीची होती. सेक्रेटरी तिथे राहायला येण्याच्या कितीतरी आधीची.

मी पुन्हा वडाकडे गेलो. महापालिकेच्या उद्यान विभागाचे अधिकारी बरोबर होते. त्यांनी भोकं खरवडली. आत अ‍ॅसिड नव्हतं, गंजलेले स्क्रू होते. मग त्यांनी पाराची फरशी उचलायला लावली. सिमेंटखाली बुंध्याची साल बोटानं निघत होती, आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं. “भोकांनी फार काही झालं नाही,” ते म्हणाले. “ह्या पारानं मारलंय. मुळांना हवा नाही, बुंधा कायम ओला. वर पानं आहेत म्हणून कोणाला कळलं नाही.”

तेरावं झाल्यावर मी अध्यक्षांना ठाण्यात बोलावलं. स्क्रू दाखवले.

“हे व्हय? हे लायटिंगचे. पार बांधला तवा जुना दोरा काढून मीच मारून घेतले.” त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. “पार तिनंच सांगितलेला, साहेब. चिखलान बायकांचे पाय भरतात, वान खाली ठेवाला जागा नाय. मंग मी दगडी पारच बांधला. खर्चाला बघितला नाय.”

मी त्यांना फरशीखाली काय सापडलं ते सांगितलं. सावकाश सांगितलं, तरी सांगून झाल्यावर ते मला तेच पुन्हा विचारत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जाताना मी पाहिला. पकडला गेल्यावर गुन्हेगाराचा चेहरा पडतो. हा तसा नव्हता. घराचं दार उघडावं आणि आत घरच नसावं, तसा तो माणूस पाहत होता.

उठताना त्यांनी एकच विचारलं. “माजे पोरींना कलेल का?”

मी नाही म्हणालो.

आणि तो शब्द पाळला. अहवालात ‘वृक्ष जीर्ण होऊन अपघात’ असं लिहिलं. सेक्रेटरींना ‘पुराव्याअभावी’ सोडलं. निर्दोष असा शब्द वापरला असता, तर मग दोष कुणाचा हे लिहावं लागलं असतं. लोकांनी त्या ‘पुराव्याअभावी’चा जो अर्थ काढायचा तो काढला. सोसायटीत त्यांच्या दारापुढे चपला टाकल्या गेल्या. वर्षभरात ते घर विकून गेले.

अध्यक्ष मागच्या वर्षी वारले. यंदा मी त्या वडाजवळून जात होतो. उरलेला अर्धा वड अजून उभा आहे. एक तरुण आई मुलीला सांगत होती, “तो बिल्डिंगमधला माणूस होता ना, त्याने अ‍ॅसिड टाकून मारलं याला.” मी तिथेच होतो. बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी आधी अध्यक्षांच्या थोरल्या मुलीकडे गेलो, सगळं सांगितलं आणि हे लिहायचं आहे म्हणालो. ती म्हणाली, “आमच्यासाठी गप्प बसलात? आमाला विचारलं होतं का तुमी?” मग म्हणाली, “लिहा.”

नोकरीत मी हे शिकलो होतो, की गुन्ह्यामागे वैर किंवा लोभ शोधावा. प्रेमानं बांधलेला पार शोधायला मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि जो शिकवत होता त्याला मी बाकावर बसवलं होतं. आपल्या दारातल्या झाडाच्या बुंध्याला सिमेंट भिडलं असेल, तर ते आजच फोडा. झाड शेवटपर्यंत हिरवं दिसतं.

सेक्रेटरींचा ठावठिकाणा मिळवून फोन केला. माफी मागितली. ते म्हणाले, “मला काय सांगता? माझ्या बायकोला सांगा. दोन महिने ती अंधार पडल्यावर दूध आणायला जायची.” मी लिहितो आहे असं सांगितलं.

“लिहा. पण नुसतं निर्दोष लिहू नका, साहेब. मी त्या झाडाखाली बसायचो, ते लिहा.”

ते बसायचे. संध्याकाळी कामावरून परतल्यावर, पाराच्या रस्त्याकडच्या कडेला, पिशवी मांडीवर घेऊन, वर पानांत पाहत. ठाण्याच्या गाडीतून जाताना मी त्यांना तिथे कितीदा तरी पाहिलं होतं. जबाब घेताना मला ते आठवलं नाही.