लगीन व्हायचंय अजून

"मॅडम, त्यांचा फोन येऊन गेला. एकदम झ्याक बोललो." काशिनाथ खुशीत होता.

"लग्नाचं काय विचारलं?"

"इचारलं ना. म्हनलं, लगीन व्हायचंय अजून."

मी हातातली फाइल खाली ठेवली.

"अहो, पण आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं व्हतं. पन ती दुभाषी बाई आपल्यागत मराठी बोलत व्हती. तिला कसं सांगू, की आमी लगीन केलं आन कुनालाच बोलावलं नाय? मानसाला लाज वाटंल का नाय?"

त्याच्याच बायकोने आदल्या दिवशी त्याच व्हिसा ऑफिसला फोनवर सांगितलं होतं, की आमचं लग्न वणीला देवीसमोर झालं. ते वाक्य तिचं नव्हतं. ते मी पढवलं होतं.

नाशिकला कॉलेज रोडवर माझं छोटं ऑफिस आहे. परदेशी नोकरीला जाणाऱ्यांची व्हिसाची फाइल आम्ही तयार करतो. नोकरी घरात एकालाच लागते. बाकीचे त्याच्यासोबत जातात, त्यांना आमच्या धंद्यात डिपेंडंट म्हणतात. हे डिपेंडंट खरंच त्याच माणसाचे आहेत का, एवढंच तिकडच्या ऑफिसरला बघायचं असतं. त्यासाठी कधी नवराबायकोला वेगवेगळे फोन करून तेच प्रश्न विचारतात.

हेमलता इथल्या एका हॉस्पिटलात आयसीयूची नर्स. मूळची पेठ तालुक्यातली. तिला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली होती. पहिल्या भेटीतच तिने सांगून टाकलं, "मॅडम, तिघं गेलो तरच जायचं. सई माझ्याशिवाय झोपत नाही." सई पहिलीत होती. आईच्या मांडीवर बसून माझ्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती.

मी मॅरेज सर्टिफिकेट मागितलं.

"लग्न नाही झालं अजून," हेमलता म्हणाली. अगदी चहा झाला नाही अजून, अशा सुरात.

मी पटकन ललिताला, म्हणजे माझ्या असिस्टंटला, हाक मारली. "हिला जरा बाहेर घेऊन जा. बिस्किट दे." असलं बोलणं मुलीसमोर नको, असं मला वाटलं. सई मागे बघत बघत गेली.

हेमलताने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे दोन्ही घरांचं ठरलं, की मुलगी नांदायला येते. संसार सुरू होतो. लगीन मात्र दोन्हीकडच्या गावांना जेवायला घालायची तयारी झाली की मग. तोवर मुलं शाळेत जायला लागली तरी कुणाला काही वाटत नाही. "माझ्या आईबापाच्या लग्नात मी नाचलेय," ती हसत म्हणाली. काशिनाथही हसला. तो पिकअप चालवायचा, पावसाळ्यात गावी जाऊन भात-नागली बघायचा. पेठ रोडला भाड्याच्या खोलीत तिघं राहायचे.

मी हसले नाही. माझ्या डोक्यात भलतंच चालू होतं. हे तिकडे गेलं तर काय म्हणतील? आता कोर्टात लग्न लावावं, तर सर्टिफिकेटवर आजची तारीख येणार आणि मुलगी सहा वर्षांची. ते तर फारच वाईट दिसेल.

"आपण अॅफिडेव्हिट करू," मी म्हणाले. "सईच्या जन्माआधी वणीला छोटेखानी लग्न झालं, असं. दोघांनी सह्या करा."

"खोटं कशाला लिहायचं, मॅडम?" हेमलता म्हणाली. "आमच्यात यात लपवण्यासारखं काही नसतं."

"तुमच्यात नसेल. पण फाइल बाहेर जाते ना. मी इतकी वर्षं हेच करतेय, माझ्यावर सोडा."

तिने माझ्यावर सोडलं. काशिनाथने सही केली, पण पेन खाली ठेवताना तो पुटपुटला, "गावात कळलं तं हसतील." मी लक्ष दिलं नाही. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आले, तेव्हा सईला मी बाहेर बसवलं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती लिहायचं मी आतापर्यंत टाळत होते. ऑस्ट्रेलियाच्या नियमात लग्नाची अटच नाही. लग्न न करता जोडपं म्हणून एकत्र राहणाऱ्यांना ते डि फॅक्टो पार्टनर म्हणतात. एका छपराखाली संसार चालवता, हे दाखवलं की झालं. हा नियम मला माहीत नव्हता, असं नाही. त्याआधी गंगापूर रोडचं एक आयटीतलं जोडपं याच नियमावर मी पाठवलं होतं. लग्नावर विश्वास नाही म्हणाले. मी त्यांना कॉफी पाजली आणि घरी जाऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, की आजकालची पिढी किती मोकळी आहे!

त्यांचं मला मॉडर्न वाटलं आणि पेठच्या माणसांचं मागासलेलं. नियम एकच होता. आजही हे आठवलं की कानशिलं तापतात.

काशिनाथच्या फोननंतर काही दिवसांनी पत्र आलं. दोघांच्या उत्तरांत तफावत आहे, खुलासा करा. माहिती खोटी दिल्याचं ठरलं तर सगळंच अडचणीत येणार होतं. हेमलताचा, नोकरीवर आधीच वेगळा मंजूर झालेला व्हिसासुद्धा.

मी दोघांना बोलावलं. तेव्हाही माझी खोड गेली नव्हती. म्हणाले, "दुभाष्याची चूक झाली, असं लिहिता येईल."

हेमलता एकदम उभी राहिली. "नको मॅडम. त्या बाईला कशाला मध्ये घेता? मी माझ्या माणसाबद्दल पहिल्यांदाच खोटं बोलले. तुम्ही सांगितलं म्हणून बोलले. त्या रात्री मला याच्याकडे बघवत नव्हतं."

काशिनाथ तिला म्हणाला, "बस गं. मॅडमनं आपल्या भल्याचंच पाह्यलं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

खुलासा मी स्वतः लिहिला. लग्न झालेलं नाही. ते दोघे अनेक वर्षं एकत्र राहतात, त्यांच्या समाजाची रीत अशी आहे. खोटं अॅफिडेव्हिट माझ्या सल्ल्याने झालं, त्यांचा विरोध असताना. खाली माझं नाव, माझी सही. सोबत खोलीचा भाडेकरार, सईचा शाळेचा दाखला, गावातल्या जत्रेतले तिघांचे फोटो जोडले. यातलं सगळं पहिल्या दिवशीच हेमलताच्या पिशवीत होतं. मी ती उघडायला सांगितलीच नव्हती.

उत्तर लवकर आलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या हॉस्पिटलने रुजू व्हायची तारीख आणखी पुढे ढकलायला नकार दिला. तिघं गेलो तरच जायचं म्हणणारी हेमलता एकटी गेली. मी निरोप द्यायला गेले नाही. तोंड दाखवायची हिंमत नव्हती. सई पहिले काही दिवस आईची साडी उशाला घेऊन झोपायची, हे काशिनाथने नंतर सांगितलं. तेही मी विचारलं म्हणून.

मंजुरी आली ती पावसाळा संपल्यावर. काशिनाथ कागद न्यायला आला.

"लगीन आता ती सुट्टीवर आली की करू," तो म्हणाला. "तुमी यायचं बरं का, मॅडम."

मी मान हलवली. मग लक्षात आलं, सई दिसत नाही.

"तिला नाही आणलं?"

"आनली ना."

मी उठून दार उघडलं. सई बाहेरच्या बाकावर, चपला नीट जोडून ठेवून, बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं. ललिता तर त्या दिवशी रजेवर होती.

"अगं, आत ये ना," मी म्हणाले.

तिने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुमचं आमच्यावरचं बोलनं झालं का?"

तेव्हापासून माझ्या ऑफिसात मुलं आतच बसतात. त्यांच्यासमोर बोलता येणार नाही असं काही माझ्या तोंडात आलंच, तर आधी नियम पुन्हा वाचते.