ट्युलिपच्या सहा आठवडे आधी

वसंतात युरोपात कुठे जावं, यावर मी रविवारच्या पुरवणीसाठी दरवर्षी एक पान तयार करत असे. सेव्हिलच्या रस्त्यांवरचा संत्र्याच्या फुलांचा वास, बॉनच्या जुन्या गल्ल्यांवर चेरीचं गुलाबी छत, प्रागच्या टेकडीवरच्या बहरलेल्या बागा, आणि शेवटी नेदरलँड्समधली ट्युलिपची शेतं. मूळ मजकूर इंग्रजीत यायचा. मी तो मराठीत करायचो, जागेप्रमाणे कापायचो, मथळा द्यायचो. यांपैकी एकही ठिकाण मी पाहिलेलं नव्हतं.

ते पान नीट वाचणारी माझ्या माहितीतली एकच व्यक्ती होती. माझी बायको. ती मुरबाड तालुक्यात, धसई गावाच्या पलीकडे, डोंगराला लागून असलेल्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. ट्युलिपच्या शेताचा फोटो कापून तिने वर्गात लावला होता. मुलांनी विचारलं, हे काय पेरलंय. फुलं, तिने सांगितलं. फक्त फुलंच? होय. मागच्या रांगेतल्या मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग ते खातात काय, बाई?" हा किस्सा ती पुढे अनेक वर्षं सांगत असे.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी काचबिंदूचं निदान झालं. उशीर झाला होता. कडेची नजर गेली होती. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, थेंबांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, आणि मधली नजर वर्षभर टिकेल, फार तर दोन वर्षं. तिला कसं दिसतं, असं मी विचारलं. बांगडीतून बघावं तसं, ती म्हणाली, आणि बांगडी लहान होत चाललीय. मुरबाडला घरी परतताना एसटीत तिने थेंबांची बाटली पिशवीत नीट ठेवली. मग म्हणाली, दिसतंय तोवर ट्युलिप बघायचे आहेत. संसारात तिने काही मागितल्याचं मला आठवत नाही.

महिनाभरात आम्ही कल्याणला एका सहल कंपनीच्या कचेरीत बसलो होतो. समोरच्या मुलीने एप्रिलची सहल सुचवली. बायकोने ती लगेच नाकारली.

"एप्रिलमध्ये काय उरतं? सगळं वाळून जातं. आम्हाला वसंतात जायचंय."

तिच्या हिशेबाने तिचं बरोबर होतं. आमच्याकडे माघ सरता सरता पळस पेटतो, काटेसावर फुलते. होळीपर्यंत रान लाल असतं. पाडव्यानंतर मोहाची फुलं वेचून होतात, विहिरींचा तळ दिसतो आणि वाड्यांवर पाण्याचा टँकर सुरू होतो. तीस वर्षं तिने मुलांना वसंत असाच शिकवला होता, खिडकीबाहेर बोट दाखवून. एप्रिल म्हणजे तिच्या लेखी फुलं संपल्यानंतरचा महिना. मुलीने संगणकात पाहिलं आणि मार्चच्या सुरुवातीच्या गटात जागा आहेत असं सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्यासाठी तिला मान पूर्ण वळवावी लागली. मी ठीक आहे म्हणालो.

तारीख तपासल्याशिवाय पान सोडायचं नाही, हे मी कार्यालयात नव्या मुलांना शिकवलं होतं. माझ्या त्या पानात मात्र महिना कधीच नसायचा. 'वसंतात' एवढंच असायचं. फुलं कोणत्या महिन्यात येतात हे विचारायला एक फोन पुरला असता.

निघण्याआधी ती वाडीवर सगळ्यांना सांगून आली. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईने तिची टर उडवली. "फुलं बघायला इमानात बसायचं? आमच्या मोहाखाली या ना बाई, आयती डोक्यावर पडतील." दोघी खूप हसल्या, असं तिने घरी येऊन सांगितलं.

नेदरलँड्समध्ये बस शेतांच्या कडेला थांबली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. पाऊस नव्हता, वारा होता. शेतं सरळ आणि काळपट होती, काहींवर गवताचं आच्छादन होतं. सरींमध्ये बोटभर हिरवे कोंब आले होते. गटातले लोक फोटो काढायला पुढच्या पवनचक्कीकडे गेले. बायको बांधावर उभी राहून डावीकडून उजवीकडे हळूहळू मान फिरवत होती. तिला वाटलं, तिच्या बांगडीबाहेर कुठेतरी रंग असेल. दोनदा तिने पूर्ण फेर घेतला. मग मला विचारलं, कुठे आहेत?

सहलीचा व्यवस्थापक नाशिककडचा तरुण होता. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, "काकू, अजून पाच-सहा आठवडे आहेत. इथं हा हिवाळाच धरतात."

ती खाली बसली. एक कोंब बोटांत धरून पाहिला. ती भातशेतीच्या घरातली. म्हणाली, लावणीला काढायच्या रोपाहून लहान आहे. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. मी विचारलं नाही."

मी तिला उठायला हात दिला.

फुलांची मोठी बाग अजून उघडलेली नव्हती. बॉनमध्ये चेरीच्या फांद्या उघड्या होत्या. प्रागच्या टेकडीवर धुकं होतं. ती प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरली, व्यवस्थापक दाखवेल तिकडे तोंड करून उभी राहिली, पुन्हा बसमध्ये बसली. तक्रार केली नाही. परतल्यावर कल्याण सोडलं तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता. मी तिला दाखवला. तिने मान वळवली नाही.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलसाठी मी पुन्हा चौकशी केली, या वेळी तारखांसकट. पण एप्रिल यायच्या आधीच, थंडीत, तिचा उजवा डोळा पूर्ण गेला आणि डाव्यात उजेडाखेरीज फारसं काही उरलं नाही. तरीही मी कागद घेऊन तिच्यासमोर बसलो आणि जाऊया म्हणालो.

"आता काय वास घ्यायला नेताय? ट्युलिपला वास नसतो. तुम्हीच लिहिलं होतं."

मी निदान फुललेल्या शेतांचं वर्णन वाचून दाखवतो म्हणालो. त्यावर ती शांतपणे नको म्हणाली. कागद मी कपाटात ठेवले. त्यानंतर आमच्यात हा विषय निघालेला नाही.

हल्ली संध्याकाळी ती स्वयंपाकघरात दिवा लावत नाही. डबे तिने हाताला सापडतील असे मांडून घेतले आहेत. मी मागून जातो आणि दिवा लावतो. बटणाचा आवाज तिला ऐकू येतो.

"तुम्हाला लागतो, होय," ती म्हणते, आणि भाकरी थापत राहते.