मोठ्या बाबांची नत्थी

जगात सुटं म्हणून काही राहू द्यायचं नाही, अशी शपथ घेऊनच आमचे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, जन्माला आले असावेत. सगळी नोकरी बैहरच्या कचेरीत बाबूगिरी करण्यात गेली. सुट्या कागदांना भोक पाडून एका दोऱ्यात ओवणं, याला आमच्याकडच्या कचेऱ्यांत नत्थी म्हणतात. मोठ्या बाबांनी ती घरीही चालवली. विजेची बिलं, लग्नपत्रिका, मोठ्या आईच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, औषधांच्या चिठ्ठ्या, जे हाती येईल त्यातून दाभण आरपार. एकदा रामपायलीच्या जत्रेत पोरं हरवू नयेत म्हणून त्यांनी आम्हा भावंडांचे सदरे सेफ्टी पिनांनी एकमेकांना जोडले होते. एकाला लघवीला लागली, की सगळ्यांना जावं लागे.

आजी गेली आणि घरातल्या फोटोंच्या अल्बमवरून तिघा भावांत कुरबुर सुरू झाली. ज्याचे फोटो त्यानं न्यावेत, असं नागपूरला राहणाऱ्या धाकट्या काकांनी सुचवलं. मोठ्या बाबांनी आबांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, एका फोटोकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मी आबाचं बोट धरून उभा आहो त्या फोटोत. आता आबा नागपूरले जातीन अन् मी बालाघाटात राहीन, हे कसं जमन?"

दुसऱ्या दिवशी अल्बम काखोटीला मारून ते मला घेऊन बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बाबूजी, सब फोटो स्कैन करके एक ही पीडीएफ बना देते हैं। तीनों भाइयों को पूरी की पूरी मिल जाएगी।" मोठ्या बाबांनी पडदा नीट न्याहाळला आणि विचारलं, "वो तो ठीक है, पर छेद किधर करते?"

फोटोंना क्रमांक त्यांनी स्वतः सांगितले. पण कॉम्प्युटरनं आकड्यातला पहिला अंक तेवढा बघून एकच्या मागे दोन न घेता दहा घेतला. पहिल्या पानावर आजी-आजोबांचं लग्न, दुसऱ्यावर थेट मोठ्या बाबांचं लग्न, आणि त्यांचं बारसं पार मागे. घरी सीडी लावल्यावर मोठी आई शांतपणे म्हणाली, "म्हंजे हे जन्माले याच्या आधीच मी याईच्या गळ्यात माळ टाकली." मोठे बाबा तडक परत दुकानात. कॉम्प्युटरवाल्यानं एक ते नऊच्या आधी शून्यं लावली, तेव्हा कुठे वंशावळ रुळावर आली.

फाईल पुन्हा बांधण्याआधी त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढून दिला. "बाबूजी, इसमें तो कुछ है ही नहीं," कॉम्प्युटरवाला म्हणाला. मोठे बाबा माझ्याकडे वळले. "नत्थीले शेवटी कोरा कागद लागतेच. पुढचे लोकं येतीन, त्याईले कोठी जोडाचं?" वाटणीचा विषय मग कुणी काढला नाही. तिघांकडे तीन सीड्या गेल्या आणि अल्बम होता तिथेच राहिला.

मोठे बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या फाईलीत नवा फोटो कसा जोडायचा, हे आता मला घरबसल्या येतं. पण आम्ही भावंडं कुणी पुण्यात, कुणी रायपूरला. फोनवर बोलतो, तेही सणावारी. मोठ्या बाबांची फार आठवण येते तेव्हा मी ती फाईल उघडून शेवटपर्यंत जातो. सगळे मिळून काढलेला एकही नवा फोटो आमच्यापाशी नाही, त्यामुळे शेवटचं पान अजून कोरंच आहे.