डाव्या हातातली बरणी

मुक्ता गेल्याचं मला दुपारी पावणेबाराला कळलं. इथे आखातात, फहाहीलच्या क्लिनिकमध्ये मी एका लहान मुलीचं रक्त घेत होते. फोन खिशात थरथरत होता, पण सुई काढून कापूस दाबेपर्यंत मी तो उचलला नाही. मुक्ताच्या वॉर्डातली मल्याळी नर्स ओळखीची होती. ती एवढंच म्हणाली, "सिस्टर, आप आ जाओ." मी पोचले तेव्हा मुक्ताचा उजवा हात चादरीवर सैल पडलेला होता. डाव्या हाताची पाचही बोटं मात्र आत वळलेली होती, एखाद्या भांड्याचा काठ वरून धरावा तशी. मी ती सरळ करायला गेले, पण ती परत वळली. "चार दिन से ऐसा ही है," नर्स म्हणाली.

अकरा वर्षं आम्ही एका फ्लॅटमध्ये राहिलो. मी रत्नागिरीकडची नर्स, ती लातूरची फिजिओथेरपिस्ट. कराटे ती इथे येऊन शिकली, तेही पस्तिशी ओलांडल्यावर. तिचे शिक्षक फिलिपिनो होते, शुऐबाच्या बंदरात क्रेनवर काम करायचे. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की ठोसा मागाहून येतो, आधी पकड यावी लागते. ओकिनावा बेटावरच्या जुन्या लोकांकडे व्यायामाची यंत्रं नव्हती, दगड होते आणि मातीची भांडी होती. म्हणून आमच्या पॅसेजमध्येही तसलंच सामान जमलं. दूध पावडरच्या डब्यात सिमेंट ओतून मध्ये दांडा रोवलेला, तो ती मनगटावर फिरवायची. त्याला चि-इशी म्हणतात. आणि निगिरी-गामे, म्हणजे बोटांनी काठ धरून उचलायच्या दोन बरण्या. तिच्या बरण्या लातूरहून आणलेल्या, लोणच्याच्या, चिनीमातीच्या. आत चाळलेली वाळू. गुडघे किंचित वाकवून, पाऊल घासत, दारापासून बाल्कनीपर्यंत आणि परत, रोज संध्याकाळी ती सोळा फेऱ्या मारायची. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक बरणीत मूठभर वाळू वाढवायची. "मूठभर कळत नाही गं," ती म्हणायची. "वर्षानं कळतं." ती चालायची तेव्हा आतली वाळू शिर्र शिर्र वाजायची. माझा स्वयंपाक त्या आवाजातच व्हायचा.

या वर्षी थंडी सरताना, पाचव्या की सहाव्या फेरीला ती थांबली.

"रुख्सार, तू हिच्यात वाळू टाकलीस का? डावी जड व्हायलीय."

मी नाही म्हटलं. बाथरूममधला वजनकाटा आणला. दोन्ही बरण्या आठ-आठ किलो भरल्या. तिनं बरण्यांची अदलाबदल केली, परत उचलल्या, दोन पावलं टाकली.

"आता ही जड झाली," ती म्हणाली. डाव्या हातातलीच.

ती फिजिओ, मी नर्स. दोघींनाही कळलं होतं, आणि दोघीही बोललो नाही. जेवताना मी डॉक्टरचा विषय काढला. "जूनमध्ये गावी जाईन तेव्हा दाखवते," एवढं बोलून तिनं भाताकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी दोन्ही बरण्यांतून दोन-दोन मुठी वाळू काढली. संध्याकाळी ती फिरली आणि म्हणाली, "आज हलक्या वाटायल्यात." तिचा चेहरा उजळलेला बघून मला वाटलं, यात काय वाईट? मग मी ते रोजच करू लागले. पिशवीतून वाळू खाली नेऊन खजुराच्या आळ्यात टाकायची. इमारतीच्या राखणदारानं एकदा हटकलं, "सिस्टर, रोज इतनी रेत कहाँ से आती है?" मी बाल्कनीचं नाव सांगितलं. धुळीच्या वादळांचे दिवस होते, त्याला पटलं.

एका सकाळी बरणीत हात घातला तर बोटांना तळ लागला. दुसरीतही काही नव्हतं. आता परत भरायची म्हटली तरी भरता येत नव्हती, एकदम जड झाली तर तिला कळलं असतं.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तिनं गुडघे वाकवले, काठ धरले, बरण्या उचलल्या. मानेच्या शिरा ताणल्या, कपाळावर घाम आला. एकेक पाऊल घासत ती बाल्कनीपर्यंत गेली. रिकाम्या बरण्या घेऊन कुणी तसं चालत नाही. आणि मला शपथेवर विचारा, मला आत वाळू वाजलेली ऐकू आली. शिर्र... शिर्र... ती वळली, माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, अजून जमतंय." मी गॅस बंद केला आणि हात धुतले. हात स्वच्छच होते.

आठवड्यानं ती कामावर चक्कर येऊन पडली. डोक्यात गाठ निघाली, वाढलेली. पुढचे दोन महिने हॉस्पिटलात गेले. तिच्याजवळ बसून मी कितीदा तोंड उघडलं, पण बरण्यांचं काही बोलता आलं नाही. ती बरण्यांवरून स्वतःला जोखत होती, आणि मी तो काटाच खोटा केला होता. माझ्यामुळे तिनं उशीर केला, या विचारानं मला झोप लागेना.

ती गेल्यावर तिचा धाकटा भाऊ माधव तिला गावी न्यायला आला. कागदपत्रं झाल्यावर सामानासाठी फ्लॅटवर आला. मी त्याला चहा दिला आणि सगळं सांगून टाकलं. तो पॅसेजमधल्या स्टुलावर बसून खाली मान घालून ऐकत होता.

"ताई," तो म्हणाला, "तिला ठाऊक होतं. थंडी सुरू व्हायच्या आधीच तिनं तपासणी केली होती. गाठ काढता येणाऱ्या जागी नव्हती. कुणाला सांगू नको म्हणाली."

"आणि वाळूचं?"

"तेही फोनवर सांगायची. रुख्सार रोज वाळू काढायलीय, काढू दे. तिला वाटतंय मला कळत नाही. तेवढ्यानं तिला बरं वाटतंय तर वाटू दे, म्हणायची."

मी विचारलं, "मग शेवटी रिकाम्या बरण्या उचलताना एवढा घाम कशाला आला तिला?"

"रिकाम्या झाल्याचं कधी बोलली नाही," माधव म्हणाला. "शेवटपर्यंत जडच म्हणत होती."

बरण्या तो घेऊन गेला. त्याला दीड महिना झाला. तरी मी संध्याकाळी घरी आले की पॅसेजच्या मधून जात नाही. भिंतीला पाठ लावून, अंग चोरून उभी राहते. एक बाई आणि दोन बरण्या जातील एवढी वाट सोडते, एक फेरी पुरी होईल एवढा वेळ थांबते, आणि मगच दिवा लावते.