नव्या मालाच्या चौकटी

पायलच्या हातात एखादं काम असलं, की ते मनासारखं होईपर्यंत तिला चहासुद्धा गोड लागत नसे. राहायला बदलापुरात, कात्रपला; नोकरी उल्हासनगरच्या एका लहानशा ऑफिसात, वेबसाइट बनवण्याची. धर्मेशभाईंच्या जीन्सच्या दुकानाची वेबसाइट हे तिचं पहिलंच स्वतंत्र काम. धर्मेशभाईंनी साइटवर नवा माल चढवला, की प्रत्येक पँटची चौकट आपोआप तयार व्हायची. वर फोटो, खाली भाव आणि ऑर्डरचं बटण.

पण धर्मेशभाईंच्या फोनवर या चौकटी एकमेकींच्या अंगावर चढत आणि बटणं झाकून टाकत. ऑफिसात पाहावं, तर सगळं जागच्या जागी. अखेर ऑफिसचे मालक हरिचंद्र सर वैतागले. "पायल, आज निस्तरलं नाहीस, तर उद्यापासून हे काम प्रज्वलकडे."

पायलने लॅपटॉप उचलला आणि तडक दुकान गाठलं.

"आओ बेटा," धर्मेशभाई म्हणाले, "देख लो अपनी सर्कस!"

जीन्सच्या थप्प्यांमागे नेटवर्क जेमतेम होतं. कुठली चौकट हलते ते दिसावं म्हणून पायलने लॅपटॉपवरून प्रत्येकीभोवती लाल रेघ आखली आणि धर्मेशभाईंना नवा माल चढवायला लावला. रिकाम्या चौकटी पटकन आल्या, फोटो मात्र रेंगाळले. एकेक फोटो आला, तशी त्याची चौकट फुगली आणि खालचीवर जाऊन बसली. पान पुन्हा उघडलं, तर सगळं ठीक!

"तुझे देख के सर्कस डर गई क्या?" धर्मेशभाईंनी टोमणा मारला.

पायलला हसू आलं नाही. तिला कारण सापडलं होतं. फोटो यायच्या आधीच पान सगळ्यांच्या जागा ठरवून मोकळं होत होतं. दुसऱ्या खेपेला फोटो फोनमध्ये आलेलेच होते, म्हणून गोंधळ नाही. आणि ऑफिसातलं नेट इतकं वेगवान, की हा उशीर तिथे कधी दिसलाच नव्हता.

तिने तिथेच स्टुलावर बसून प्रत्येक फोटोसाठी आधीपासून जागा राखून ठेवली आणि लाल रेघा पुसल्या. पुन्हा नवा माल चढवला. फोटो सावकाश आले आणि गुपचूप आपापल्या जागी बसले. एकही चौकट हलली नाही.

तिने सरांना फोन लावला. "सर, झालं."

"काय होतं गं?"

एरवी दोन शब्दांत आटपणारी पायल हातवारे करकरून सांगत सुटली. धर्मेशभाईंना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तिच्यासाठी मागवलेला चहा निवू नये म्हणून त्यांनी पेल्यावर बशी झाकली आणि फोनवर नव्या पँटखालचं ऑर्डरचं बटण स्वतःच दाबून पाहिलं.